पाण्याने लोह पसरतं, अल्कोहोलने जांभळा शिक्का: शाईने पोखरलेल्या एका पत्रग्रंथाचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमच्याकडे दुरुस्ती आणि जतनासाठी आलेला हा ग्रंथ, ग्रंथ म्हणायचं पण खरं तर तो पत्रांचा गठ्ठाच. वेगवेगळ्या लोकांनी एकाच माणसाला १९व्या शतकात लिहिलेली पत्रं, नंतर कुणीतरी ती तारखेप्रमाणे लावून शिवून घेतली, चामडी पाठ आणि पुठ्ठे, एकूण १८६ पानं. कोणाचा, कुठला हे मुद्दाम सांगत नाही. ओळख पटेल असे तपशील काढलेत, पण कामाचा क्रम आणि आमचे निर्णय, चुकलेले धरून, होते तसेच ठेवलेत.

जवळजवळ सगळी पत्रं मायफळाच्या शाईतली. मायफळातलं (ओकच्या झाडावर येणाऱ्या गाठीतलं) टॅनिन, हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, डिंक आणि पाणी एवढंच तिच्यात असतं. लिहिताना फिकी दिसते, हवा लागली की काळी होते आणि सहज पुसली जात नाही, म्हणून युरोपात मध्ययुगापासून पार २०व्या शतकापर्यंत महत्त्वाचं जे काही लिहिलं गेलं ते बहुतेक हिच्यातच. पण शाई तयार होतानाच तिच्यात सल्फ्युरिक आम्ल बनतं, आणि हिराकस जास्त पडलं असेल तर टॅनिनशी न जुळलेलं लोह कागदात मोकळंच राहतं. आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं आणि हे मोकळं फेरस लोह ऑक्सिडेशन चालू ठेवतं, स्वतः न संपता. दोन्ही एकाच रेघेत, एकाच वेळी चालू.

पहिल्यांदा ग्रंथ उघडला तेव्हा शिवणीच्या खाचेत काळी भुकटी दिसली. धूळ असेल म्हणून मी मऊ ब्रश घेतला, पण आधी भिंगाखाली बघितलं आणि हात थांबला. ते अक्षरांचे तुकडे होते. एकावर अक्षराचा अख्खा खालचा फाटा होता, शाईची चमक तशीच. पान उचलून उजेडासमोर धरलं तर गोल अक्षरांची पोटं रिकामी, कागद गळून पडलेला आणि त्या भोकांतून उजेड येत होता.

अडचण

या पत्रांची संपादित आवृत्ती काढायचं काम एका अभ्यासक बाईंनी घेतलं होतं, आठवड्यातून दोनदा येऊन त्या मूळ पानांवरून वाचायच्या. खोडलेलं, वरून सुधारलेलं, कागदातला पाणचिन्हाचा ठसा, हे साध्या फोटोत नीट कळत नाही, त्यामुळे त्यांचा आग्रह चुकीचा नव्हता. पण दर वेळी पान उलटलं की थोडं तरी गळत होतं.

त्यात प्रत्येक पत्रावर, म्हणजे साधारण दर दुसऱ्या पानावर, जांभळ्या रंगाचा शिक्का. हे जुने अॅनिलिन रंग पाण्यात सुटतात आणि अल्कोहोलमध्ये तर त्याहून लवकर सुटतात. काही ठिकाणी कॉपिंग पेन्सिलीच्या नोंदी होत्या, त्या पेन्सिलीत तोच रंग असतो, ओल लागली की नोंद जांभळी होऊन पसरते.

थोडक्यात कोंडी अशी: पाणी लावलं तर शाईतलं मोकळं लोह विरघळून आजवर चांगल्या राहिलेल्या कागदात शिरतं आणि तिथेही तेच काम सुरू करतं, डोळ्याला काहीच दिसत नाही, काही वर्षांनी तपकिरी वलय येतं. अल्कोहोल वापरलं तर लोह फारसं हलत नाही, पण शिक्के वाहून जातात, आणि पत्र कधी पोचलं, कुठून गेलं हे त्या शिक्क्यांवरूनच कळतं.

तपासणी आणि आमचा पहिला प्लॅन

सगळी पानं चार वर्गांत लावली, ही वर्गवारी नेदरलँड्समध्ये तयार झालेली आणि आता बऱ्याच ठिकाणी वापरतात. पहिल्या वर्गात फक्त शाई, फार तर हलका रंगबदल. दुसऱ्यात पानामागे तपकिरी उमटलेलं पण कागद शाबूत. तिसऱ्यात हाताळलं तर तडा जाईल अशी अवस्था. चौथ्यात तुकडे गेलेले. आमच्याकडे चौथ्या वर्गात २३ पानं निघाली, तिसऱ्यात ५८.

मग मोकळ्या लोहासाठी बॅथोफेनॅन्थ्रोलिनच्या पट्ट्या. पांढरी पट्टी किंचित ओली करून, जास्तीचं पाणी टिपून, शाईवर अर्धा मिनिट ठेवायची, फेरस लोह असेल तर ती गुलाबी होते. काही पत्रांवर फिकट गुलाबी आली, काहींवर गडद, आणि एका माणसाची सगळीच्या सगळी पत्रं गडद, म्हणजे तो शाईत हिराकस सढळ हाताने घालत असणार.

इथपर्यंत काम व्यवस्थित होतं. पुढचा प्लॅन मात्र आम्ही ग्रंथाकडे न बघता, पेपर वाचून लिहिला. नेदरलँड्समधल्या योहान नीवेल यांनी १९९५ साली फायटेटची पद्धत मांडली: धान्याच्या कोंड्यात असतं ते फायटिक आम्ल मोकळं लोह घट्ट पकडून ठेवतं, म्हणून कॅल्शियम फायटेटचा बाथ, म्हणजे पान त्या द्रावणात बुडवायचं, त्यानंतर आम्ल मारायला कॅल्शियम बायकार्बोनेटचा बाथ, शेवटी जिलेटिन. कृत्रिमरीत्या जुन्या केलेल्या नमुन्यांवर याचे रिझल्ट फार चांगले आहेत आणि नंतरच्या अनेक अभ्यासांनीही तेच दाखवलं. त्यामुळे आमचं ठरलं की ग्रंथ सोडवायचा, १८६ च्या १८६ पानांना ट्रीटमेंट द्यायची आणि परत शिवायचा. शिक्क्यांवर काहीतरी तात्पुरतं संरक्षण लावू म्हटलं.

तो प्लॅन मीच लिहिला होता आणि तेव्हा मला त्यात काही कमी वाटत नव्हतं.

जुनी ठिगळं

प्लॅनला मंजुरी मिळायची वाट बघत असताना बाइंडिंगचं काम बघणाऱ्या ताई शिवण तपासत होत्या. कित्येक वर्षांपूर्वी कुणीतरी या ग्रंथातल्या फाटलेल्या जागी खळ लावून कागदाची ठिगळं चिकटवली होती. आम्ही ती नोंदली होती, 'जुनी दुरुस्ती, १४ ठिकाणी', आणि पुढे गेलो होतो. ताईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "हे बघा, ठिगळाच्या बाहेर बोटभर अंतरावर कागद तपकिरी झालाय. पाणी कुठवर गेलं होतं त्याची ही कड आहे."

नुसत्या पाण्याच्या कडेनेही कागद तपकिरी होतो, त्याला लोहच लागतं असं नाही, त्यामुळे लगेच निष्कर्ष काढला नाही. पण समासातल्या कोऱ्या कागदावरही तीन ठिगळं होती, तिथे कड अगदी पुसट होती. शाईवरच्या ठिगळांभोवती मात्र ती गडद, यूव्ही दिव्याखाली काळपट, आणि पट्टी लावली तर शाईच्या रेघेपासून लांब, कोऱ्या दिसणाऱ्या कागदावर, ती गुलाबी झाली. दोन ठिगळं मात्र शाईवर असूनही त्यांच्याभोवती काहीच नव्हतं. नीट बघितलं तर त्यांची खळ दाट होती, कोरडी लावलेली, ठिगळाखाली तिचा जाड थर दिसत होता.

म्हणजे आम्हाला हवा तो प्रयोग कुणीतरी याच कागदावर, याच शाईवर करून ठेवला होता आणि तो ओव्हनमध्ये काही आठवडे नाही तर खऱ्याखुऱ्या हवेत कित्येक दशकं चालू होता. थोडं पाणी आणि जास्त पाणी यातला फरकसुद्धा त्यात होता. लॅबमधले नमुने एका शाईचे, एका कागदाचे असतात, ते तसेच असावे लागतात नाहीतर तुलना होणार नाही. आमच्या ग्रंथात निदान वीस जणांच्या शाया आणि तितकेच कागद. मला आजही वाटतं की जुनी दुरुस्ती ही फक्त 'काढायची की ठेवायची' या रकान्यात टाकायची गोष्ट नाही, ती त्या वस्तूवरची सगळ्यात दीर्घ मुदतीची टेस्ट असते आणि ट्रीटमेंटचा विचार सुरू करण्याआधी ती वाचायला हवी.

यातून फायटेट चुकीचं आहे असं अजिबात निघत नाही. बाथमध्ये पान पूर्ण भिजतं, मोकळं लोह बरंचसं धुतलं जातं किंवा बांधलं जातं. धोका आहे तो अर्धवट ओलीत, जिथे लोह हलतं पण बाहेर पडत नाही. आमच्या प्लॅनमध्ये दोन्ही गोष्टी होत्या, कारण बाथनंतर ठिकठिकाणची डागडुजी आम्ही खळीनेच करणार होतो आणि शिक्के असलेली पानं अर्धीच भिजवू म्हणत होतो.

पर्याय

आता परत पहिल्यापासून विचार सुरू केला.

सगळ्या पानांना बाथ हा पर्याय शिक्क्यांपाशी अडला. सायक्लोडोडेकेन नावाचा मेणासारखा पदार्थ असतो, वितळवून शिक्क्यावर दोन्ही बाजूंनी लावायचा, पाण्यापासून संरक्षण मिळतं आणि नंतर काही दिवसांनी तो आपोआप हवेत उडून जातो. ग्रंथाबाहेरच्या, तसाच शिक्का असलेल्या एका निरुपयोगी लिफाफ्यावर करून बघितलं. अर्धा तास टिकलं, पुढे कडेने जांभळं सुटायला लागलं. आमचे सगळे बाथ मिळून त्यापेक्षा जास्त वेळ लागणार होता.

दुसरं कारण मूलद्रव्यांचं. एक्सआरएफने, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्राने, शाईतले धातू मोजले, कागदाला हात न लावता होतं हे. हिराकसात लोहाबरोबर तांबं, जस्त, मँगनीज वेगवेगळ्या प्रमाणात येतात आणि त्या प्रमाणावरून दोन शाया वेगळ्या ओळखता येतात, बर्लिनमध्ये ऑलिव्हर हान आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत उभी केली. आमच्याकडे त्यातून दोन गोष्टी कळल्या. एक, एका पत्राचा ताजा कलम वेगळ्याच शाईतला आहे, म्हणजे तो नंतर जोडलेला, आणि अभ्यासक बाईंसाठी ही मोठी गोष्ट होती. पान धुतलं असतं तर हे प्रमाण बदललं असतं. दोन, एका गटाच्या शाईत तांबं बरंच होतं, आणि फायटेट लोहाला पकडतं, तांब्यावर त्याचा उपयोग नाही. त्या पानांना बाथची जोखीम घालून हातात काय पडणार होतं?

पाण्याशिवायचे उपायही पाहिले. मॅग्नेशियम ऑक्साइडचे कण फवारून आम्ल मारता येतं पण लोह तसंच राहतं. हॅलाइडवर, म्हणजे ब्रोमाइडसारख्या क्षारांवर, आधारित अँटिऑक्सिडंटवर स्लोव्हेनियातल्या संशोधकांनी बरंच काम केलंय, तांब्याच्या बाबतीत तर तेच जास्त आशादायक, पण ते अल्कोहोलमधून द्यायचं म्हणजे परत शिक्के. पान उभं चिरून दोन पापुद्रे करायचे आणि मध्ये नवा पातळ कागद घालायचा ही पद्धत बर्लिनच्या राज्य ग्रंथालयातल्या संगीतकार बाखच्या हस्तलिखितांवर वापरली गेली आहे. तिथे दुसरा मार्ग उरला नव्हता असं त्यांचं म्हणणं, आमची पानं त्या अवस्थेला पोचली नव्हती.

एक बैठक मला चांगली आठवते. एक सहकारी म्हणाले, "उपाय माहीत असताना न करणं म्हणजे निष्काळजीपणा नाही का?" प्रश्न रास्त होता. या शाईवर काय करायचं हे १८९८ साली स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनच्या परिषदेतही विचारलं गेलं होतं, व्हॅटिकन ग्रंथालयाचे प्रमुख फ्रान्झ एर्ले यांनी ती बोलावली होती. तिथे जिलेटिनवर चर्चा झाली आणि दुसऱ्याच वर्षी ड्रेस्डेनला झापोन म्हणजे सेल्युलोज नायट्रेटच्या लाखेची जोरदार शिफारस झाली. जिलेटिन आपण आजही वापरतो. झापोन लावलेली पानं पुढे पिवळी आणि ठिसूळ झाली. दोन्हींमागे त्यांच्या काळातली हुशार, मनापासून काम करणारी माणसं होती. बैठकीत मी हे बोलले तेव्हा थोडा वेळ कोणी काही म्हणालं नाही, मग आम्ही पानागणिक ठरवायला बसलो.

काय केलं

ग्रंथ सोडवायचा नाही हे आधी ठरलं. पत्रांचा क्रम आणि शिवणीची भोकं हाही पुरावा आहे.

बाथसाठी पान निवडायचं तर ते चौथ्या वर्गातलं हवं, पट्टी गडद गुलाबी हवी, शिक्का किंवा कॉपिंग पेन्सिल नको, शाईत तांबं कमी हवं आणि ते शिवणीतून आधीच सुटलेलं हवं. इतक्या चाळणीतून ९ पानं उरली. त्यांना न विणलेल्या पॉलिएस्टरच्या आधारावर ठेवून आधी पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणात भिजवलं, कारण शाईच्या रेघा पाणी पटकन घेत नाहीत आणि कागद असमान फुगला की तडे जातात. मग फायटेट, बायकार्बोनेट, जिलेटिन.

बाकीच्या पानांत तडे होते तिथे फक्त आधार द्यायचा. चौरस मीटरला ५ ग्रॅमपेक्षा कमी वजनाचा जपानी टिश्यू जिलेटिनच्या पातळ द्रावणाने माखून वाळवून ठेवायचा, त्याच्या पट्ट्या कापायच्या, आणि लावताना ओल्या टिपकागदावरून, मध्ये कोरड्या गाळणकागदाचा थर ठेवून, जेमतेम चिकटेल इतकीच ओल द्यायची. जिलेटिन घेण्याचं कारण असं की ते थोडं लोह स्वतःकडे धरून ठेवतं, खळीपेक्षा या कामाला बरं. किती ओल जास्त होते हे डोळ्याने कळत नाही, म्हणून आधी नमुन्यावर टिश्यूची पट्टी चिकटवून तिच्याखाली बॅथोफेनॅन्थ्रोलिनचा कागद ठेवून बघायचो. गुलाबी रेघेबाहेर गेली तर ओल जास्त.

हे हातात बसायला वेळ लागला. नमुन्यावर जमलं म्हणून ग्रंथावर गेलो आणि पहिल्याच आठवड्यात पान ४१ वर तीन पट्ट्या जास्त ओल्या लागल्या. दिसायला काम सुबक झालं होतं, पण लोहाच्या पट्टीने तपासलं तर रेघेबाहेर फिकट गुलाबी. ते आता परत आत घालता येत नाही. नोंदीत ती जागा आकृतीसकट लिहिली, तारीख आणि कोणी केलं तेही लिहिलं, मीच केलं होतं.

खाचेतले तुकडे गोळा करून पानागणिक छोट्या पाकिटांत ठेवले. त्यातले ३१ परत आपापल्या जागी बसले, एकेक तुकडा सुईच्या टोकाने सरकवत.

सगळ्या पानांचे पुढून, मागून, मागून उजेड टाकून आणि यूव्हीखाली असे फोटो काढले. मागच्या उजेडातल्या फोटोत पाणचिन्हं इतकी स्पष्ट आली की अभ्यासक बाईंचं नव्वद टक्के काम त्यावरच झालं. साठवणीत आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास, मोठे चढउतार नकोत, कारण ८० टक्क्यांच्या वर हवा गेली की नुसत्या दमटपणानेही लोह हलायला लागतं.

काय झालं

तीन वर्षांनी सगळं परत तपासलं. बाथ दिलेल्या ९ पानांवर पट्टी पांढरीच राहते. दोन पानांवर शाईवर पांढुरकी झाक आली आहे, फायटेटचा साका राहिलाय, आम्ही धुवायला आणि वाळवायला घाई केली. वाचायला अडचण नाही पण शाईचा मूळ काळेपणा गेला. टिश्यूच्या पट्ट्या सगळ्या टिकल्यात, नवीन तुकडा एकही पडला नाही. पान ४१ वर अजून रंग बदललेला नाही. मी त्यावर विश्वास ठेवत नाही, जुन्या ठिगळांना किती वर्षं लागली कोण जाणे.

परत करायचं झालं तर

सगळ्यात आधी वाचन थांबवलं असतं. आम्ही प्लॅन, मंजुरी, परत प्लॅन यात चार महिने घालवले आणि तेवढ्या काळात ग्रंथ आठवड्यातून दोनदा उघडला जात होता. पान ७७ आणि ७८ वरची काही अक्षरं त्या चार महिन्यांत गेली, सुरुवातीच्या साध्या फोटोत ती आहेत. थांबून विचार करणं बरोबर होतं, पण थांबलो होतो फक्त आम्ही. मागून उजेड टाकून आणि यूव्हीखाली घेतलेले फोटो शेवटी काढले तेच पहिल्या पंधरवड्यात काढून बाईंना दिले असते तर त्यांचंही काम अडलं नसतं. त्यांना आम्ही विचारलंसुद्धा नव्हतं की तुम्हाला मूळ पान नेमकं कशासाठी लागतं. विचारलं तेव्हा त्यांनी पाच मिनिटांत यादी दिली.

पट्टीची टेस्ट आम्ही शाईवर केली, शाईच्या बाहेर नाही. जुन्या ठिगळांच्या बाहेर पहिल्याच दिवशी लावली असती तर पहिला प्लॅन लिहिलाच गेला नसता.

बाथ दिलेल्या पानांपैकी एखादं आणखी थांबवलं असतं का, यावर आमच्यात अजून मतभेद आहेत. मला वाटतं ९ योग्य होती. ताईंना वाटतं ६ पुरली असती, आणि पांढुरकी झाक आलेली दोन्ही त्यांच्या त्या उरलेल्या तिघांतली आहेत.

पान ११२ वर काहीच केलेलं नाही. तांबं जास्त असलेली शाई, चौथा वर्ग, आणि शिक्का नेमका सहीवर. दोन्ही बाजूंना सुटा आधार देऊन ते ग्रंथातच ठेवलंय. दर वर्षी त्याच दिव्यासमोर, त्याच अंतरावरून फोटो काढतो आणि सहीखालच्या तड्याची लांबी मोजतो. पहिल्या वर्षी १९ मिलिमीटर होती, मागच्या तपासणीतही १९ आली.